अपघात म्हणू नका: गॅमा किरण स्फोटांच्या शोधाचा इतिहास आणि आपण

१/ आजचा धागा एका लोकप्रिय कथेच्या विरोधात आहे. कथा अशी: १९६७ मध्ये अमेरिकेच्या हेर-उपग्रहांना योगायोगाने अवकाशातून आलेली गॅमा किरणांची चमक दिसली, लष्कराने ती सहा वर्षे दडवून ठेवली आणि मग कधीतरी जगाला तिचा पत्ता लागला. छोट्या चित्रफितीत ही कथा चपखल बसते. इतिहासात ती बसत नाही.

२/ ही कथा तीन शब्दांवर उभी आहे: हेर, अपघात, गुपित. तिन्ही शब्द पुराव्यापुढे टिकत नाहीत आणि तिन्ही मिळून ज्यांनी खरे काम केले त्यांना पुसून टाकतात. एकेक शब्द तपासू. सेवाग्राम, पुणे आणि मुंबई या ठिकाणांचे या इतिहासात नेमके स्थान काय, तेही वाटेत पाहू.

३/ आधी विषय थोडक्यात. गॅमा किरण स्फोट म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेतून येणारा उच्च ऊर्जेचा लोट. तो सेकंदाच्या काही भागापासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. दोन सेकंदांहून लांबलेले स्फोट बहुधा प्रचंड ताऱ्याच्या अंतातून उद्भवतात, त्याहून आखूड स्फोट बहुधा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून. आपले वातावरण हे किरण शोषून घेते, म्हणून त्यांना थेट टिपायचे तर अवकाशात जावे लागते.

४/ आता पहिला शब्द: 'हेर'. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली. करार व्हायला नऊ वर्षे गेली. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे त्यावर सह्या झाल्या. भारताने ८ ऑगस्टला सही केली.

५/ वर्ध्याच्या वाचकांना येथे एक तारीख आठवेल. डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांततावादी परिषद आधी शांतिनिकेतनात आणि नंतर सेवाग्रामात भरली. रशियाच्या पहिल्या अणुचाचणीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. अण्वस्त्रांच्या भीतीने अस्वस्थ झालेले जग त्या वेळी वर्ध्याच्या मातीत बसून विचार करीत होते, ही नोंद महत्त्वाची आहे.

६/ पण येथेच थांबा. 'सेवाग्रामच्या परिषदेमुळे करार झाला, करारामुळे उपग्रह उडाले, म्हणून गॅमा किरण स्फोटांचा शोध वर्ध्याचा' अशी माळ उद्या कोणी ओवली, तर तीही तितकीच खोटी ठरेल. एकाच काळात घडणे म्हणजे एकामुळे दुसरे घडणे नव्हे. स्थानिक अभिमानाला पुराव्यातून सूट मिळत नाही. सेवाग्रामचे मोल त्या काळाची चिंता समजून घेण्यापुरते आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

७/ त्या कराराने वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचणी करण्यास बंदी घातली. प्रश्न उरला विश्वासाचा: कोणी चंद्रामागे बॉम्ब फोडला तर कळणार कसे? उत्तर होते 'वेला' नावाची उपग्रहमाला. कराराचा अंमल सुरू होऊन आठवडा उलटतो तोच तिची पहिली जोडी उडाली. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ जागता पहारा. हेर दुसऱ्याचे गुपित चोरतो. वेलाचे काम दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे होते.

८/ दुसरा शब्द: 'अपघात'. २ जुलै १९६७ रोजी वेलाच्या उपग्रहांनी एक चमक नोंदवली. अणुस्फोटाची चमक क्षणात चढते आणि उतरते. हिचा आलेख मात्र काही सेकंद वरखाली होत राहिला. ही नोंद कोणा थोर शास्त्रज्ञाच्या डोळ्यांसमोर चमकली नाही. ती इतर नोंदींबरोबर साठवली गेली आणि १९६९ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांनी उपग्रहांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा सापडली.

९/ ते असे का ताडत होते? स्टर्लिंग कोलगेट या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये भाकीत मांडले होते की अतिनवताऱ्याच्या स्फोटातूनही गॅमा किरण बाहेर पडतील. म्हणजे निसर्गही असे काही करू शकतो, ही शंका आधीच कागदावर होती. स्फोट अतिनवताऱ्यांशी जुळतात का, हे लॉस अलामॉसच्या गटाने तपासले. तेव्हा जुळले नाहीत. पण प्रश्न हाती असल्यामुळेच नोंदींना अर्थ आला.

१०/ येथे समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य केला पाहिजे: वेला उपग्रह खगोलशास्त्रासाठी बांधले नव्हते आणि जे सापडले त्याची कोणी कल्पना केली नव्हती. खरे आहे. हा शोध अनपेक्षित होता. पण अनपेक्षित आणि अपघाती हे समानार्थी शब्द नाहीत. पहारेकऱ्याला चोराऐवजी धूमकेतू दिसला, तर तो धूमकेतू अनपेक्षित असतो. पहारा मात्र अपघात नसतो.

११/ तिसरा शब्द: 'गुपित'. ही माहिती गोपनीय ठरवून दडवली गेली, या समजाला आधार नाही. विलंबाचे कारण साधे आहे. सुरुवातीच्या उपग्रहांना स्फोटाची दिशा सांगता येत नव्हती. तो सूर्यावरून आला की पृथ्वीवरून, हे ठरल्याशिवाय छापायचे तरी काय? १९६९ आणि १९७० मध्ये अधिक अचूक घड्याळांचे वेला उपग्रह गेले, तेव्हा मार्ग मोकळा झाला.

१२/ युक्ती सुंदर आहे. हे उपग्रह पृथ्वीभोवती सुमारे सव्वा लाख किलोमीटर अंतरावरून फिरत. समोरासमोरच्या दोन उपग्रहांमधले अंतर प्रकाशाला कापायला सुमारे ०.८ सेकंद लागतात. स्फोट आधी कोणाला दिसला आणि किती आधी, यावरून दिशा काढता येते. क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी १९७३ मध्ये १६ स्फोटांची नोंद प्रसिद्ध केली आणि उगम पृथ्वीवर वा सूर्यावर नाही हे दाखवले.

१३/ इतिहासप्रेमींना ही रीत परकी वाटू नये. टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली आठवा. वीररस नाही, अलंकार नाहीत, केवळ तिथी आणि घटना. तरी शिवजन्मतिथीच्या वादात बखरींच्या पानांपेक्षा त्या कोरड्या नोंदीचे वजन अधिक ठरले. १९७३ चा तो लेख ही आकाशाची शकावली होय. जेधे शकावली 'योगायोगाने टिकली' असे आपण म्हणत नाही. कोणीतरी लिहिली, कोणीतरी जपली, कोणीतरी ताडली.

१४/ पुढचा टप्पा पाठलागाचा. १९९१ मध्ये गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले निघाले, तरीही अंतराचा वाद मिटला नाही. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटानंतर उरलेली, मंदावत जाणारी क्ष-किरणांची प्रभा काही तासांत गाठली आणि जमिनीवरच्या दुर्बिणींना तिकडे वळता आले.

१५/ त्याच वर्षी मे महिन्यातील स्फोटाच्या प्रभेचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने घेतला आणि स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले. हे काम करणाऱ्या कॅल्टेकच्या गटात श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. कुरुंदवाडचा इतिहास म्हटला की आपण संस्थानिक पटवर्धनांपाशी थांबतो. हा थांबा कोणी ठरवला?

१६/ आता घरचे दफ्तर. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट उडाला. त्यावरील 'सीझेडटीआय' हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली, पुण्याच्या आयुका आणि देशातील अन्य संस्थांच्या सहभागाने घडले. ६ ऑक्टोबरला ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याला गॅमा किरण स्फोट सापडला. या स्फोटांच्या नावातच तिथी असते. याचे नाव १५१००६ए: २०१५, दहावा महिना, सहावा दिवस.

१७/ हेही 'नशीब' म्हणणार का? या उपकरणाची चौकट साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गॅमा किरणांना पारदर्शक होत जाते. त्यामुळे दुर्बीण एका ताऱ्याकडे रोखलेली असतानाही पाठीमागचा स्फोट तिला जाणवतो. हा गुण ओळखून तिचा वापर करण्याचे नियोजन उड्डाणापूर्वीच झाले होते. प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजण्याचे अवघड कामही याच उपकरणाने केले.

१८/ साक्षीदार म्हणून त्याचे मोल पाहा. ४ जानेवारी २०१७ रोजी लायगोने गुरुत्वीय लहर टिपली. पाठोपाठ आकाशात एक मंदावती प्रभा दिसली आणि दोहोंचा संबंध असल्याची शक्यता पुढे आली. पण ५ जानेवारीला झालेला एक स्वतंत्र गॅमा किरण स्फोट ॲस्ट्रोसॅटच्या नोंदीत होता. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ती प्रभा या दुसऱ्या स्फोटाची होती. एका तारखेने चुकीचे नाते मोडले.

१९/ त्याच वर्षी १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली आणि पावणेदोन सेकंदांच्या आत गॅमा किरणही. त्या क्षणी स्फोटाची दिशा ॲस्ट्रोसॅटसाठी पृथ्वीआड होती. त्याला काहीच दिसले नाही आणि हे न दिसणेही जागा आक्रसण्यास उपयोगी पडले. पुढचा पाठलाग करणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण होती. दफ्तरातील मौनही पुरावा असते, हे इतिहासकारांना वेगळे सांगायला नको.

२०/ मग 'अपघात' या शब्दावर एवढा राग का? कारण त्यातून धोरण निघते. शोध अपघाताने लागत असतील, तर पहारा चालू ठेवण्यासाठी खर्च कशाला करायचा? ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी आखला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये, नवव्या वर्षी, त्याने ६०० वा स्फोट नोंदवला. कोणताही उपग्रह कायम टिकत नाही. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह ठेवून सारे आकाश सतत पाहण्याचा 'दक्ष' प्रस्ताव आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडला गेला आहे. नावातच जागरण आहे.

२१/ वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ आणि त्यापुढे हिंगोली. तेथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारण्यास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. उद्या ती वेधशाळा लहर ऐकेल. त्याच क्षणी अवकाशात गॅमा किरण पाहणारा आपला डोळा नसेल, तर कान आहेत आणि डोळे मिटलेले आहेत अशी गत होईल. हा निर्णय योगायोगावर सोडण्याजोगा नाही.

२२/ एक तक्रार आपल्याच कुळाबद्दल. आपण गडांची मोजमापे, तोफांची वजने, पत्रांच्या तारखा यांवर रात्री जागवतो. पण ज्या अभियंत्यांनी, तंत्रज्ञांनी हे उपकरण घडवले, त्यांच्या आठवणी मराठीत कोण लिहून घेतो? प्रयोगशाळेतील नोंदवह्या, फसलेल्या चाचण्यांचे कागद, पत्रव्यवहार हे विसाव्या आणि एकविसाव्या शतकाचे दफ्तर आहे. राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. हे कागद तर आपल्याच शहरांत आहेत.

२३/ साधने बंद कपाटात आहेत, ही सबबही चालणार नाही. स्फोट दिसला की जगभरच्या वेधशाळा एकमेकींना पाठवतात ती परिपत्रके खुली आहेत. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या विद्यार्थ्याला ती घरी बसून वाचता येतात: कोणी आधी पाहिले, कोणी दुरुस्ती केली, कोणाचा दावा मागे पडला. समकालीन साधनांवरून घटनाक्रम लावण्याचा इतका चांगला सराव क्वचितच मिळेल.

२४/ तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'हेर-उपग्रहांना अपघाताने सापडले' असे लिहिले, तर तीन प्रश्न विचारा. नोंद कोणी ठेवली? घड्याळ कोणी जुळवले? ताडून कोणी पाहिले? या तीन प्रश्नांना उत्तरे आहेत, माणसांची नावे आहेत, तारखा आहेत. त्यांतील काही नावे आणि ठिकाणे आपल्या उंबऱ्याजवळची आहेत. ती लिहिण्याचे काम मात्र अजून बरेचसे बाकी आहे.