पिशवी गेली, भरपाई कुणी द्यायची?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. बाया स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आल्या, ‘पिशवी काढा’ म्हणाल्या, कागदावर अंगठा उठवला. मग डॉक्टरांकडे भरपाई कसली मागता? २०१९ मध्ये नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास दर सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे मी म्हणणार नाही. पण जिथे ती अनावश्यक होती, तिथला तोटा आज एकटी ती बाईच सोसते आहे आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

अंगठ्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच दिले आहे. तिथे तपासणीपुरती संमती घेऊन गर्भाशय काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले की आजार काय, दुसरे उपचार कोणते, धोके कोणते, हे रुग्णाला कळल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. आता फडावरची बाई डोळ्यांपुढे आणा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. मोळ्या डोक्यावर वाहायच्या, पालाजवळ ना पाणी ना संडास. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. अशा बाईला ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ एवढेच सांगितले, आणि औषधाने बरे होणारा जंतुसंसर्ग असू शकतो हे सांगितलेच नाही, तर तिने केली ती निवड नव्हे. तिची अडचण समोर दिसत असताना तिच्या भीतीवर शस्त्रक्रिया उभी करणे हीच कर्तव्यातली कसूर. पुण्याच्या एका डॉक्टरांविरुद्धच्या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कोणता उपचार द्यायचा हे ठरवतानाही काळजी घेण्याचे कर्तव्य डॉक्टरवर असते. म्हणजे टाके नीट घातले, एवढ्याने सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दावे लागले तर बीडमधल्या धारूर-वडवणीकडे डॉक्टर फिरकणार नाहीत. ही भीती खोटी नाही. पण ती दिवाणी जबाबदारी आणि फौजदारी गुन्हा एकत्र धरल्यामुळे वाढते. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला: शिक्षेसाठी ढोबळ निष्काळजीपणा लागतो, भरपाईसाठी तेवढा लागत नाही. भरपाई देणारा डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. शिवाय मापदंड सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरचा असतो, निष्णाताचा नव्हे. सोनोग्राफी करून, आधी औषधे देऊन पाहून, नोंद ठेवून निर्णय घेणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे ते यातले काहीच न करणाऱ्याने, आणि ती भीती समाजाला हवीच आहे.

‘सरकारने मदत द्यावी, म्हणजे झाले,’ असेही म्हटले जाते. सरकारने द्यावीच. पण करदात्याच्या पैशातून दिलेल्या मदतीने शस्त्रक्रियेचा नफा आहे तिथेच राहतो, आणि पुढच्या हंगामात दुसरी बाई त्याच टेबलावर येते. ज्याला नुकसान टाळता आले असते आणि ज्याने त्यातून कमावले, त्याच्यावर खर्च पडला तरच वागणूक बदलते. खाड्याची धास्ती घालणारा मुकादम आणि ज्याच्यासाठी ऊस तुटतो तो कारखाना यांचाही या दुखण्यात वाटा आहे. त्यांच्यावर कर्तव्य बसवणारा कायदा अजून पुरेसा स्पष्ट नाही, तो व्हायला हवा. पण इतरांचा दोष दाखवून डॉक्टरचा दोष कमी होत नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. पण त्या जपण्याचे बंधन ३ वर्षांचेच. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत तर २ वर्षे, आणि त्यातले निम्मे दिवस बाई फडावर असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. म्हणून बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधीच गावात जाऊन या बायकांच्या नावाने कागद मागणारे अर्ज लिहून घ्यावेत.