पलीकडच्या खोलीतली डोरोथी

मराठीचं इंग्रजीत लिहिलेलं पहिलं छापील व्याकरण कोणाचं? बी.ए.ला असताना हा प्रश्न आम्हाला एका गुणाला असायचा. उत्तर पाठ होतं: विल्यम कॅरी, १८०५, श्रीरामपूर. पुढे ‘बंगाल’ असं आठवणीने लिहायचं, कारण आम्ही नगर जिल्ह्यातल्या मुली. श्रीरामपूर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे उसाच्या गाड्या यायच्या. मला मात्र हे नाव कॉलेजच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. आमच्या मंडळीच्या संडेस्कूलमध्ये कॅरीची गोष्ट दर वर्षी व्हायची. जोडे शिवणारा गरीब इंग्रज, देवाचं पाचारण ऐकून हिंदुस्थानात आला, आपल्या भाषांमध्ये शास्त्र छापलं. त्या गोष्टीत त्याची बायको कधी आली नाही. परीक्षेतही आली नाही.

पुढे लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मी मस्कतला गेले. लेक आठ महिन्यांची होती. नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा, आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी मराठीत बोलणारं एकही माणूस नसायचं. लेकीला ताप चढला तरी दार कोणाचं वाजवायचं, हे कळत नसे. त्या दिवसांत कॅरीचं एक चरित्र हाती लागलं आणि त्याची बायको डोरोथी मला पहिल्यांदा भेटली. तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही.

नॉर्दम्प्टनशायरमधल्या पिडिंग्टन गावची ही मुलगी, कॅरीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. १७८१मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं; नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली मारली. दोन मुली तान्हेपणीच गेल्या. राहिले तीन मुलगे. १७९३मध्ये नवऱ्याने सांगितलं की आपल्याला हिंदुस्थानात जायचं आहे, तेव्हा ती गरोदर होती. तिने नाही म्हटलं. ज्या बाईने आपलं गाव आणि आसपासचा मुलूख यापलीकडे काही पाहिलं नव्हतं, तिने नाही म्हटलं यात नवल कसलं? कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालासुद्धा. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरवलं. ते परत आले तोवर डोरोथी बाळंत झाली होती. नवऱ्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही म्हटलं. मग त्याचा सोबती डॉक्टर थॉमस एकटाच घरात परतला आणि म्हणाला, आज आली नाहीस तर जन्मभर पस्तावशील. धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असं ती म्हणाली. एवढ्या घाईत घर आवरलं आणि १३ जूनला डेन्मार्कच्या एका जहाजाने सगळे निघाले. मांडीवरचा जेबेझ जेमतेम सव्वा महिन्याचा होता.

कलकत्त्याला पोचायला नोव्हेंबर उजाडला. जवळचे पैसे बघता बघता संपले. मग सुंदरबनाच्या कडेला देभाटा. त्या दिवसांत डोरोथी आणि फेलिक्स, दोघांनाही हगवणीने गाठलं. जिच्या भरवशावर ती आली होती, त्या किटीने तिथल्याच एका कंपनी अधिकाऱ्याशी लग्न करायचं ठरवलं आणि ती मागे राहिली. बाकीचे माल्द्याकडे मुदनाबाटीला गेले. कॅरीला तिथल्या नीळ कारखान्यावर काम मिळालं होतं. तिथे गेले त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. कोणी पेटी करून देईना, खड्डा खणायला कोणी येईना. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर चार मुसलमान तयार झाले. पोराच्या खड्ड्यासाठी दारोदार विनवण्या चालल्या असताना घरात बसलेली आई. या जागी मी दर वेळी पुस्तक मिटते.

त्यानंतर डोरोथीचं मन ढळलं. नवरा आपल्याशी प्रतारणा करतो हा संशय डोक्यात घट्ट बसला. ती चारचौघांत त्याच्या मागे जाऊन त्याला बोल लावायची. १८००मध्ये कुटुंब श्रीरामपूरला आलं, तोवर तिला बहुतेक वेळ खोलीतच ठेवावं लागत होतं. मुलांकडे लक्ष दिलं ते तिथल्या मिशनमधल्या हॅना मार्शमन आणि इतरांनी. कॅरीने तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं नाही, घरीच ठेवलं. त्या काळची इस्पितळं काय होती हे वाचलं, की याचं मोल कळतं. आणि तरीही या माणसावरचा माझा राग पुरता जात नाही. पाचारण त्याला झालं होतं. तिला झालं नव्हतं, आणि तिने ते दोनदा स्पष्ट सांगितलं होतं.

त्याच घरात आपलं व्याकरण झालं. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे; तिथले वैजनाथ पंडित त्याचे मराठीचे गुरू. अभ्यासिकेत विभक्त्या आणि काळ मांडले जात होते, आणि पलीकडच्या खोलीतून तिचा आरडाओरडा ऐकू येत होता. असं तिथल्या माणसांनीच लिहून ठेवलं आहे. व्याकरणाच्या शेवटी रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत. परक्या मुलखात माणसाशी चार शब्द कसे बोलावेत हे शिकवणारं पुस्तक, आणि त्याच छपराखाली एक बाई, जिच्याशी धड संवाद उरलेला नव्हता.

८ डिसेंबर १८०७ला डोरोथी गेली. बारा वर्षं या अवस्थेत काढून. पाच महिन्यांनी कॅरीने दुसरं लग्न केलं. १८१०मध्ये त्याचा मराठी कोश निघाला, मोडीच्या टाइपात.

आमच्याकडच्या मिशनच्या गोष्टीही मी आता वेगळ्या वाचते. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३मध्ये मुंबईत आला आणि १८२६मध्ये नाशिककडच्या एका खेड्यात पटकीने गेला, हे आम्हाला शिकवलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी बायको मुलांना घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसली होती, हे मी फार उशिरा वाचलं. या माणसांनी शाळा काढल्या, माझ्या आजीला त्यांच्यामुळे अक्षर आलं; त्यांचं ऋण मी नाकारत नाही. म्हणूनच मला त्यांची घरंही हवी आहेत, पुरती.

सव्वा महिन्याचा जो जेबेझ आईच्या मांडीवर समुद्र ओलांडून आला, तो मोठा झाला. १८१४मध्ये त्याचं लग्न झालं आणि लगोलग तोही मिशनरी म्हणून निघाला, मोलुकासमधल्या अंबोइना बेटावर. नवी बायको बरोबर. निघताना बापाने त्याला एक लांब पत्र दिलं. त्यात भाषा, काम, उपासना हे सगळं आहे. आणि बायकोशी आदराने, मायेने वाग, हेही आहे.