केर टाकला कुठे?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी माळा आवरणे, हे आमच्या घरी माझ्याकडे असलेले खाते. यंदा त्या माळ्यावर ग्लिसरीनची अर्धी बाटली सापडली. थंडीत ओठ फुटले की लावायची आणि हौशी नाटकात रडू येत नसेल तर डोळ्यांखाली लावायची, एवढेच तिचे उपयोग मला ठाऊक. मी ती केरात टाकणार, तोच खाली शिडी धरून उभी असलेली माझी भाची म्हणाली, "मामा, टाकू नकोस. यातून हायड्रोजन काढता येतो!"

ही मुलगी केमिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राचे नाव निघाले की मी काही तरी काम काढून उठतो. पण शिडीवर चढलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. तेव्हा सगळे ऐकून घेतले, आणि वाचकहो, ते मला आवडले.

ग्लिसरीन हा तेलातुपाच्या पोटातला गोडसर पदार्थ. १७७९ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला तो ऑलिव्हचे तेल मुर्दाडशिंगाबरोबर तापवताना गवसला. साबण करताना तो मागे उरतो, तसाच वनस्पती-तेलाचे बायोडिझेल करतानाही उरतो. शंभर किलोंमागे सुमारे दहा किलो. २००० नंतरच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत बायोडिझेलचे कारखाने वाढले, तशी या उरलेल्या मालाची पिंपेच्या पिंपे साठली आणि त्याचा भाव गडगडला. शिवाय तो बाटलीतल्यासारखा नितळ नसतो. त्यात मेथॅनॉल, क्षार, साबण असे बरेच काही मिसळलेले. शुद्ध करावा तर खर्च, ओतून द्यावा तर पंचाईत.

या पंचाइतीवर इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात डॉ. व्हॅलरी ड्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले, इतरत्रही झाले. पाचसहाशे अंश सेल्सिअसला ग्लिसरीन आणि पाण्याची वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून नेली की हायड्रोजन सुटतो. भाचीने जुन्या वहीच्या पाठीवर मला हिशेब मांडून दाखवला : ९२ किलो ग्लिसरीन, ५४ किलो वाफ, त्यातून फार तर १४ किलो हायड्रोजन आणि १३२ किलो कार्बन डायऑक्साइड. हायड्रोजन जळला की त्याचे नुसते पाणी होते, हे खरे. पण चौदा किलोंसाठी एकशे बत्तीस किलो! ही तर चार चकल्यांसाठी घरभर धूर करण्याची गत झाली.

"म्हणून तर त्याच भांड्यात चुना घालायचा," भाची म्हणाली.

चुना म्हणताच मला आजोळ आठवले. दिवाळीपूर्वी परसात पिंपभर पाण्यात चुनकळी टाकीत. ती फसफसून वाफा निघत, मग चिमूटभर नीळ घालून भिंती रंगवीत. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि हळूहळू त्याचा पुन्हा चुनखडीचा थर होतो. भिंतीवर जे सावकाश चालते, ते या भांड्यात झपाट्याने चालते. गरम चुना वायू गिळतो आणि चुनखडी बनतो. वायू असा तिथल्या तिथे उचलला गेला की पुढचा हायड्रोजन सुटायला वाव मिळतो; वाढलेले पान रिकामे झाले की पंगतीत वाढप पुढे सरकते, तसे. शिवाय वायू गिळताना चुना उष्णता देतो, आणि हायड्रोजन सोडवायला नेमकी उष्णताच लागते.

"छान! म्हणजे प्रश्न मिटला," मी शिडीवरून निकाल दिला.

भाची मात्र गप्प झाली. "नाही रे मामा. चुन्याचे पोट भरले की तो नव्याने नऊशे अंशांच्या आसपास भाजावा लागतो. तेव्हा गिळलेला वायू सगळा बाहेर येतो. शिवाय दर भाजणीला चुन्याची भूक कमी होते. प्रकल्पाच्या अहवालात मी 'स्वच्छ इंधन' लिहिले होते. सरांनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ मारली, आणि समासात लिहिले, 'भाजल्यावर पुढे काय?' "

मी अजून त्या सरांना पाहिलेले नाही, पण त्यांच्याविषयी मला फार आदर वाटू लागला. मीही वर्षानुवर्षे विशेषणांखाली तांबड्या रेघा मारीत आलो आहे. विशेषण हे नामाला चिकटवणे सोपे, त्याला जागणे कठीण.

पण वायू बाहेर येतो म्हणजे श्रम वाया गेले, असेही नाही. आता तो हायड्रोजनात मिसळलेला नसतो. वेगळा धरता येतो, जमिनीखाली साठवता येतो. नॉर्वेने स्लाइप्नर येथे १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात असा वायू कोंडला आहे. ग्लिसरीनमधला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो पुरला तर हवेतले ओझे थोडे उतरतेच. मात्र तेलासाठी जंगल तोडले, किंवा चुन्याची भट्टी कोळशावर पेटवली, तर जमाखर्च फिरतो.

"मग अहवालात काय लिहिणार?" मी विचारले.

"विशेषण काढते. हिशेब ठेवते."

एवढ्यात आमची सौभाग्यवती आली. माळा लख्ख झाला होता. मी कौतुकाची वाट पाहत शिडीवरून उतरलो. तिने माळ्याकडे एकदा पाहिले, मग दिवाणखान्यातल्या पलंगाखाली वाकून पाहिले आणि शांतपणे विचारले,

"अहो, केर काढलात, पण टाकलात कुठे?"