लय आणि टिकटिक

मूल पियानो शिकूं लागलें कीं मेट्रोनोम आणावा व तो सरावभर चालूं ठेवावा, असा सल्ला हल्लीं घरोघर दिला जातो. आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे.

मेल्झेलनें 1815 मध्यें पेटंट घेतलेलें हें यंत्र मिनिटाचे सारखे भाग पाडतें. बेथोव्हेननें 1817 मध्यें आपल्या सिंफनींना त्याचे आंकडे लावून दिले. गति ठरविण्यास साधन उत्तम! पण सारखे भाग म्हणजे लय नव्हे. त्रितालांत मात्रा 16. नववीला खाली येते, आणि तेथून समेची ओढ लागते. वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांतही पहिल्याचा भार निराळाच. टिकटिकीला सारे ठोके सारखे. (कांहीं यंत्रांत पहिल्या ठोक्यास घंटी वाजते, पण घंटी ऐकून समेवर येणारा हा गजर ऐकून उठणाऱ्यांतला!)

भीमाशंकराच्या वाटेवरील तळेघरासारख्या गांवीं भजन ऐकावें. संथ सुरू झालेला अभंग मृदंगाच्या इशाऱ्यानें चढत जातो आणि दहावीस टाळ एकदम पडतात. यंत्राच्या न्यायानें ही सारी मंडळी बेताल ठरावयाची!

यंत्र फेकून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. सोप्या जागीं बोटें धांवतात, कठीण जागीं रेंगाळतात. तें पकडण्यास त्याच्यासारखा निःपक्षपाती पंच नाहीं. तें 60 वर लावून चार ओळी वाजवाव्या. मग बंद करून, तोंडानें मात्रा मोजीत, त्याच ओळी वाजवाव्या. शेवटीं पुन्हां लावून ताडून पाहावें. मात्र यासाठीं शिक्षकास जवळ बसावें लागतें, यंत्र लावून पलीकडच्या खोलींत चहा घेत बसतां येत नाहीं. त्या सल्ल्याच्या लोकप्रियतेचें मूळ कदाचित् येथेंच असेल.