विकत घेताना मोजता, मग साठवताना का नाही?



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आदिवासी विकास महामंडळ आधारभूत भावाने भात खरेदी करते. ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला तर माल नाकारता येतो. अट रास्त आहे, पण ती शेतकऱ्यापाशीच संपते. पुढे भरडाई होईपर्यंत त्याच भातात किती ओल शिरली, हे ना शेतकऱ्याला कळते ना रेशनच्या रांगेतल्या माणसाला. आपल्याकडे उशिरा पिकणारे गरवे भात पाऊस ओसरल्यावर कापले जाते आणि थंडीच्या कोरड्या उन्हात वाळते. म्हणजे केंद्रावर येतो तेव्हा दाणा बहुधा उत्तम स्थितीत असतो. बिघडतो तो नंतर. गोदामे भरली की पोती उघड्यावर ताडपत्रीखाली जातात आणि जून उजाडतो. पाण्याचा थेंब न लागताही दाणा दमट हवेतून ओल ओढतो. ओलावा १४ टक्क्यांपुढे गेला की थप्पीच्या पोटात ऊब धरते, बुरशी येते, तांदूळ पिवळा पडतो, कुबट वास सुटतो. याहून फसवे नुकसान वेगळेच असते. वाळलेला दाणा पुन्हा ओलावला की त्याला आतून तडे जातात. टरफल धड दिसते आणि गिरणीत निम्मीशिम्मी कणी पडते.

भाताला टरफल असते, त्याला काय होते, असे यावर म्हटले जाते. टरफल सोंड्यांना बऱ्यापैकी अडवते, वाफेला नाही. घरोघरी भात वर्षभर टिकायचे ते शेणामातीने लिंपलेल्या, जमिनीपासून उचललेल्या कणगीत आणि छपराखाली. ताडपत्री पाऊस अडवते, पण जमिनीची ओलही आत कोंडते. उघड्यावरच्या शास्त्रीय साठवणीतही उंच ओटा आणि पोत्यांखाली लाकडी फळ्या लागतात, शिवाय कोरड्या दिवशी आच्छादन उघडून हवा द्यावी लागते. माळशेजच्या पायथ्याला जुलैत असे दिवस कुठून आणणार?

गोदामांना पैसा लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण २०२५-२६ चा साधारण भाताचा भाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. थप्पी कुजली की तोच सरकारी पैसा मातीत जातो. शिवाय सगळे काही गोदामावर अडलेले नाही. उघड्यावरचे भात मेअखेरपर्यंत भरडाईला काढावे, आणि उरलेल्या प्रत्येक थप्पीचा ओलावा दर पंधरवड्याला मोजून केंद्राच्या फलकावर लिहावा. मोजायचे यंत्र खरेदीसाठी तिथे असतेच.

— एक वाचक, किन्हवली (ता. शहापूर)