गॅरेजचा हिशेब

गाडीचा भाग चोरीला गेला की चोर हाती लागत नाही, पण राग कुणावर तरी निघावा लागतो. तो मग निघतो गॅरेजच्या मिस्त्रीवर. अशा वेळी आपल्या घरांतून दोनच वाक्ये ऐकू येतात. ‘सांगतो तेवढे देऊन टाका, गाडी सुरू होऊ दे’ हे एक. आणि ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे दुसरे. पहिल्याने पैसा जातो. दुसऱ्याने वर्षानुवर्षे आपली गाडी सांभाळणारा माणूस दुखावतो. मिस्त्रीने सांगितलेला आकडा योग्य की अयोग्य, हे थोडे शांत डोक्याने पाहिले तर आपल्यासारख्या सामान्य माणसालाही ठरवता येते.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचेच उदाहरण घ्या. लग्नासाठी त्यांची इको व्हॅन कोल्हापूरला गेली आणि रात्रभर कार्यालयाबाहेर उभी राहिली. सकाळी सुरू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज! खाली वाकून पाहिले तर सायलेन्सर गायब. घरी वृद्ध आई, तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. म्हणजे थांबायला वेळ नाही. बेळगावात आल्यावर दोन गॅरेजांत विचारले. एकाचा आकडा दुसऱ्याच्या अडीचपट! काका दोन्ही चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे आले. “सर, इदु सरी ऐतेन्री? एवढा फरक कसा काय ओ?”

फरक कशामुळे पडतो, हे कळायला चोराने नेमके काय नेले ते कळले पाहिजे. त्याला लोखंडी नळी नको असते. त्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली एक वडी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. इंजिनाचा विषारी धूर तिथे बराचसा निर्धोक होतो. हे धातू असतात अगदी थोडे, पण भाव भारी. २०२१ साली ऱ्होडियम सोन्याच्या दसपटीहून महाग झाले होते. त्यामुळे अस्सल भागाची किंमत मोठीच असणार. मोठा आकडा म्हणजे लूट असे लगेच समजू नये. उलट फारच लहान आकडा दिसला तर आत वडी आहे की नुसतीच पोकळ नळी, हे आधी विचारावे.

मी काकांना एवढेच सुचवले, की दोघांकडूनही ओळीवार लिहून घ्या. एकरकमी आकड्यावर न्याय करता येत नाही. कागद हाती आला की चार गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट, गेले काय आणि बदलणार काय. गाडीखाली बॅटरी मारून फोटो काढावेत. नळी कापली आहे की बोल्ट खोलले आहेत? ऑक्सिजन सेन्सर गेला की त्याची फक्त वायर तुटली? नवे गॅस्केट, नवे बोल्ट हे लागणारच. पण त्याच कागदावर क्लच प्लेट दिसली तर ते काम वेगळे. गरजेचे असले तरी त्याचा हिशेब चोरीच्या हिशेबात मिसळू नये.

दुसरी गोष्ट, पार्ट नंबर. चासी नंबर सांगितला की कंपनीच्या पार्टच्या काउंटरवर त्या भागाची किंमत कळते. खोक्यावरच्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्या किमतीवर पुन्हा कर लावला असेल तर ती ओळ चुकीची.

तिसरी गोष्ट, मजुरी. ‘काढून बसवणे’ असा दर बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो. इथे काढण्याचे काम चोराने आधीच फुकटात केलेले आहे! मात्र नळी कापलेली असेल, वेल्डिंग करावे लागणार असेल, तर मजुरी वाढणे रास्त आहे. किती तासांचे काम, हे विचारण्यात काही गैर नाही.

चौथी गोष्ट, जीएसटी. मोटारींच्या बहुतेक सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मजुरीवरही १८ टक्केच. आणि ज्याची नोंदणीच नाही, त्याला हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही.

काकांच्या बाबतीत काय झाले? महाग वाटलेल्या गॅरेजने पार्ट नंबरासह सगळे लिहून दिले. विचारल्यावर ‘काढण्याची’ मजुरी कमी केली, व्हील अलाइनमेंटची ओळही खोडली. स्वस्तवाल्याने नंबर द्यायला टाळाटाळ केली. ‘माल चांगला आहे, कुठून आला ते कशाला पाहिजे?’ असे म्हणाला. तिथेच उत्तर मिळाले. तो भाग दुसऱ्या कुणाच्या गाडीखालून आलेला असू शकतो. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपण तो घेतला तर उद्याच्या चोरीला आपणच गिऱ्हाईक झालो.

विम्याचेही पाहावे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही. खासगी मोटारीचा सर्वसमावेशक विमा असेल तर आधी फिर्याद, मग कंपनीला कळवणे, सर्व्हेअरची पाहणी आणि त्यानंतरच दुरुस्ती. चोरी कोल्हापुरात आणि घर बेळगावात, म्हणून अडून राहू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मोठीच सोय आहे.

मात्र विमा पूर्ण रक्कम देत नाही. झीरो डेप्रिसिएशन घेतलेले नसेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापतात. समजा भाग २०,००० रुपयांचा आहे. त्यातले ८,००० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती आले ११,०००. शिवाय साठलेला नो क्लेम बोनस जातो. दुरुस्ती लहान असेल तर दावा न करणेच फायद्याचे ठरते. ही बेरीज-वजाबाकी सही करण्यापूर्वी करावी.

लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे उगीचच मानतात. मिस्त्रीला काका, अण्णा म्हणूनच विचारावे. मराठीत ‘हिशेब लिहून द्या’ म्हणा, नाहीतर कन्नडमध्ये ‘लेक्क बरदु कोड्री’ म्हणा. ज्याचे काम चोख आहे तो आनंदाने लिहून देतो, कारण त्या कागदाने त्याच्यावरचाही संशय जातो. तो कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा. दावा करताना, गाडी विकताना आणि शेजाऱ्यावर अशीच वेळ आली तर त्याला दाखवायला तो उपयोगी पडेल.