रुग्णालयाच्या दारापलीकडची सेवा

हृदयविकारावरील उपचार म्हटले की डोळ्यांसमोर शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभाग उभे राहतात. परंतु ज्याचे हृदयच दुर्बल झाले आहे, अशा रुग्णाची खरी कसोटी घरी परतल्यावर सुरू होते. औषधे किती, मीठ किती, पाणी किती, हे घाईने सांगितलेले उंबरठा ओलांडेपर्यंत विसरले जाते. लोणचे-पापड सुटत नाहीत, गुडघेदुखीवर परस्पर वेदनाशामक गोळी घेतली जाते, शरीरात पाणी साठते आणि धाप लागलेला रुग्ण काही आठवड्यांतच पुन्हा रुग्णालयात दाखल होतो.

या दुष्टचक्रावर अमेरिकेत सापडलेला उपाय यंत्राचा नसून माणसाचा आहे. १९९५ साली डॉ. मायकेल रिच व सहकाऱ्यांनी सेंट लुइस येथील २८२ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या नेतृत्वाखाली शिक्षण, आहाराचा सल्ला व गृहभेटी लाभलेल्या गटात ९० दिवसांत ५३ पुनर्प्रवेश झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ९४. पुढे २००४ साली मेरी नेलर यांनी फिलाडेल्फियातील २३९ रुग्णांबाबत हेच दाखवले. रुग्णशय्येपाशी भेटलेली प्रशिक्षित परिचारिकाच तीन महिने घरी जात राहिली. वर्षभरातील पुनर्प्रवेश १६२ ऐवजी १०४ झाले आणि खर्चही घटला.

यात चमत्कार नाही. रोज सकाळी वजन करावे आणि दोन-तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले तर लगेच कळवावे, एवढी शिस्त अंगी बाणवणारे कोणीतरी हवे असते.

भारतात ही निकड अधिक आहे. तिरुअनंतपुरम येथे २०१३ साली नोंदवलेल्या १२०५ रुग्णांचे सरासरी वय अवघे ६१ होते. पाश्चात्त्य रुग्णांहून सुमारे दहा वर्षांनी कमी. कुटुंबाची माया अपार असली तरी माया म्हणजे ज्ञान नव्हे. शिवाय मुले परगावी आणि घरी दोघेच वृद्ध, हे चित्र आता मध्यमवर्गात घरोघरी दिसते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने विशेष प्रशिक्षित परिचारिकांचा वर्ग उभारण्याचे सूतोवाच केले. मात्र परिचारिकेला केवळ 'सिस्टर' म्हणून गौरवून भागणार नाही. तिला गृहभेटीसाठी स्वतंत्र पद, योग्य वेतन आणि निर्णयाचा अधिकार द्यावा लागेल. रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे त्याच्यापासून मोकळे होणे नव्हे, याचे भान शासनाने, रुग्णालयांनी आणि समाजानेही ठेवले पाहिजे.